पंधरा नॅनोग्रॅमचा निरोप

पावसाळ्यात पालघर-बोईसरच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमधून तापाच्या पेशंटचा रिपोर्ट बाहेर येतो, तेव्हा मलेरिया आणि प्लेटलेट यांच्या जोडीला त्यावर दोन आकडे असतात: ईएसआर आणि सीआरपी. दोन्ही वाढलेले दिसले की डॉक्टर म्हणतात, ‘अंगात इन्फेक्शन आहे.’ पेशंट मान डोलावतो आणि औषधं घेऊन घरी जातो. या आकड्यांना स्वतःला मात्र कुठल्याही जंतूचा पत्ता नसतो. यकृतापर्यंत एक निरोप पोचला आणि यकृतानं तो मनावर घेतला, एवढंच ते सांगत असतात. हा निरोप नेणाऱ्याचं नाव सहसा रिपोर्टवर येत नाही. ते एक लहानसं प्रथिन आहे, इंटरल्युकिन-६ नावाचं. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात आयएल-६ म्हणतात.

लहानसं म्हणजे किती? ही १८४ अमिनो आम्लांची साखळी आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत अशी ५७४ अमिनो आम्लं असतात. खरं थक्क करतं ते त्याचं प्रमाण. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात आयएल-६ फार तर चार-पाच पिकोग्रॅम असतं, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. अंगातला सगळा, म्हणजे साधारण तीन लिटर रक्तद्रव धरला, तरी हिशोब पंधरा नॅनोग्रॅमच्या वर जात नाही. जेवणाच्या ताटातल्या बारीक मिठाचा एक कण साठेक मायक्रोग्रॅमचा असतो. तेवढं वजन भरायला चार हजार निरोगी माणसांच्या रक्तातलं आयएल-६ गोळा करावं लागेल. आणि एवढ्याशा वस्तूच्या सांगण्यावरून दीड किलोचं यकृत आपलं कामकाज बदलतं.

सातपाटीच्या बंदरात जाळ्यातून मासळी सोडवताना शिंगाळ्याचा काटा बोटात घुसतो, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. काट्याबरोबर विष जातं, चिखलातले जिवाणू जातात आणि थोडी कातडी फाटते. कातडीखाली महाभक्षी पेशी वाटच पाहत असतात. त्यांच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनं जिवाणूच्या आवरणाचे तुकडे ओळखतात. ती ओळख पटली की पेशीच्या केंद्रकात काही जनुकं जागी होतात आणि तास-दोन तासांत पेशी आयएल-६ आणि त्याच्या भावंडांना बाहेर सोडू लागते. बोट लाल होतं, गरम होतं, सुजतं, ठणकतं. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती. आपण त्याला दाह म्हणतो, आणि तो बहुतेक वेळा बोटापुरताच राहतो.

पण आयएल-६ बोटापुरतं थांबत नाही. ते रक्तात उतरतं आणि यकृताच्या पेशींना भेटतं. त्या पेशींवर त्याच्यासाठीच घडलेलं ग्राही प्रथिन असतं. निरोप मिळताच यकृत अल्ब्युमिनचं उत्पादन कमी करतं आणि एरवी जेमतेम बनणारी प्रथिनं भराभर बनवायला घेतं. सीआरपी हे त्यातलंच एक. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. निरोपानंतर सहाएक तासांत ते वाढू लागतं, दोन दिवसांत कळस गाठतं आणि कधी कधी हजारपट होतं. जिवाणूंना आणि मोडलेल्या पेशींना चिकटून ते त्यांच्यावर खूण करतं. दुसरं प्रथिन फायब्रिनोजेन, रक्त गोठवणारं. ते वाढलं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून चवड लावतात आणि काचेच्या नळीत लवकर तळाशी बसतात. त्या बसण्याच्या वेगालाच आपण ईएसआर म्हणतो. म्हणजे रिपोर्टवरच्या दोन्ही ओळी एकाच निरोप्याची पावलं आहेत. ईएसआरची तपासणी शंभर वर्षं जुनी आहे. आपण कुणाची पावलं मोजतोय हे कळायला तिला साठ-सत्तर वर्षं लागली.

याचा पुरावा मला फार विलक्षण वाटतो. टोसिलिझुमॅब नावाचं एक औषध आयएल-६चा ग्राही झाकून टाकतं. ते दिल्यावर रुग्णाचा सीआरपी जवळजवळ शून्यावर येतो, मग अंगात जंतुसंसर्ग जोरात चालू असला तरीही. म्हणूनच हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत सीआरपीवर विसंबायचं नाही, असं डॉक्टरांना आवर्जून शिकवलं जातं. जंतू तिथेच आहेत, लढाई चालू आहे, पण यकृताला काही कळलेलंच नाही.

या रेणूचा शोध जपानमध्ये ओसाका विद्यापीठात लागला. तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटानं १९८६ साली त्याचं जनुक वेगळं केलं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना चालना देणारा घटक ते शोधत होते. त्याच सुमारास दुसरी एक प्रयोगशाळा यकृताला उद्दीपित करणाऱ्या घटकाच्या मागे होती, तिसरी इंटरफेरॉनच्या एका प्रकाराच्या, तर चौथी कर्करोगी प्लाझ्मा पेशी वाढवणाऱ्या द्रव्याच्या. साखळ्यांचा क्रम ताडून पाहिला तेव्हा उमगलं की सगळ्यांच्या हाती एकच रेणू आहे. मग सगळी जुनी नावं मागे पडली आणि इंटरल्युकिन-६ हे एक नाव उरलं.

ताप कसा चढतो, याचं उत्तरही बऱ्याच अंशी याच रेणूपाशी आहे. जव्हार-मोखाड्याच्या जंगलपट्टीला हिवताप नवा नाही. थंडी वाजून येते, दात कडकडतात, मग अंग भाजतं, घाम फुटतो, आणि एक दिवसाआड पुन्हा तेच. इटलीच्या कामिल्लो गोल्जीनं १८८०च्या दशकात दाखवून दिलं की तापाची ही लाट आणि रक्तातल्या परजीवींचं एकाच वेळी फुटून बाहेर पडणं यांचा ताळमेळ आहे. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियात दर ४८ तासांनी तांबड्या पेशी फुटतात. त्यांतून सांडलेला कचरा पाहून महाभक्षी पेशी टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ अशा निरोपांचा लोंढा सोडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर तो टिपतं आणि प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा छोटा रेणू बनवतं. हायपोथॅलॅमसमधलं तापमानाचं केंद्र त्यामुळे ३७ अंशांऐवजी ३९ किंवा ४० अंशांचं लक्ष्य धरतं. अंग अजून सदतीसवर असतं, म्हणून केंद्राला ते गार वाटतं. आधी थंडी का वाजते, ते इथे कळतं: शरीर स्नायू थरथरवून नव्या लक्ष्यापर्यंत चढत असतं.

तापाची आपली नेहमीची गोळी या मालिकेतल्या प्रोस्टाग्लँडिनच्या पायरीवर काम करते. तारापूरच्या एमआयडीसीत औषधांचा मूळ माल, तिथल्या बोलीत ‘बल्क ड्रग’, बनवणारे कितीतरी कारखाने आहेत, आणि त्यांत पाळी करणारे हजारो हात पालघर-डहाणूच्या गावांतून येतात. त्यांनी ही एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो तेव्हा वरचा निरोप थांबलेला नसतो. लक्ष्य तेवढं खाली आलेलं असतं. गोळीचा अंमल सरताच ताप पुन्हा चढतो तो यामुळेच, आणि म्हणूनच ताप उतरला म्हणून रक्ताची तपासणी टाळायची नसते.

लोंढा हाताबाहेर गेला तर काय होतं, ते २०१२ साली फिलाडेल्फियात दिसलं. एमिली व्हाइटहेड या सहा-सात वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया होता. तिच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या तिला परत दिल्या होत्या. ल्युकेमियावर हा ‘कार-टी’ उपचार घेणारं ते पहिलंच मूल. पेशींनी कर्करोगावर हल्ला चढवला आणि ती अतिदक्षता विभागात मरणाच्या दारी पोचली. रक्त तपासलं तर आयएल-६ नेहमीच्या हजारपट. या उपचाराच्या संशोधनाचे प्रमुख कार्ल जून यांच्या मुलीला बालसंधिवात होता, त्यामुळे टोसिलिझुमॅब त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि काही तासांत मुलगी सावरू लागली. आज हाच कार-टी उपचार मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून देशी रूपात उभा राहिला आहे. एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. डहाणू लोकलनं टाटाला जाणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला तो येईल, तेव्हा तिथले डॉक्टरही या निरोप्यावर नजर ठेवून असतील.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये, हेच टोसिलिझुमॅब मिळवण्यासाठी नातेवाइकांनी किती धावपळ केली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. ‘सायटोकाइन स्टॉर्म’, म्हणजे अशा निरोपांचं वादळ, हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. त्याबद्दल मला एक सांगावंसं वाटतं, कारण त्या दिवसांत ते फारसं कुणी सांगितलं नाही. नंतर आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा तीव्र कोविडमधलं आयएल-६ कार-टीच्या वादळाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकं निघालं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत ऑक्सिजन कमी पडलेल्या आणि सीआरपी किमान ७५ असलेल्या चार हजारांवर रुग्णांत हे औषध तपासलं. त्यात मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. फायदा खरा, पण माफक, आणि निवडक रुग्णांपुरता. त्याआधी, जून २०२०मध्ये, त्याच चाचणीनं दाखवलं होतं की डेक्सामेथासोन हे जुनं, अगदी स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करतं. कर्ज काढून महागडं इंजेक्शन शोधणाऱ्या कुटुंबांना हे वेळेवर आणि स्पष्ट सांगितलं जायला हवं होतं.

मग हा रेणू बंदच करून टाकावा का? तसं केलं तर काय बिघडतं, त्याचीही यादी आहे. आयएल-६चं जनुक काढलेल्या उंदरांचं यकृत कापलं तर ते नीट भरून येत नाही. टोसिलिझुमॅब घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांत क्वचित आतड्याला भोक पडतं, कारण आतड्याच्या अस्तराची डागडुजीही या निरोपावर अवलंबून आहे. दबून राहिलेला क्षय डोकं वर काढू नये म्हणून औषध सुरू करण्याआधी त्याची तपासणी होते. यकृत आणि काही पांढऱ्या पेशी अशा मोजक्याच पेशींवर आयएल-६चा स्वतःचा ग्राही असतो. पण निरोप आत नेणारं जोडप्रथिन, जीपी-१३०, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतं. दाह वाढला की काही ग्राही पेशींवरून सुटून रक्तात तरंगू लागतात, आयएल-६ला सोबत घेतात आणि एरवी बहिऱ्या असलेल्या पेशींनाही निरोप ऐकवतात. डागडुजीची कामं बहुतांशी पहिल्या वाटेनं होतात, नासधूस बहुतांशी दुसऱ्या. रेणू एकच, वाट निराळी.

आणि आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आयएल-६ फक्त आजारातच वाढतं, असा समज बराच काळ होता. मग मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या रक्तात ते शंभरपटीपर्यंत वाढलेलं आढळलं. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ते येतं कामात गुंतलेल्या स्नायूंतून, आणि त्याच्याबरोबर टीएनएफसारखी दाह भडकवणारी भावंडं येत नाहीत. उलट दाह शमवणारे रेणू त्याच्या मागोमाग येतात. २००३ साली त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूचं विष अगदी थोड्या मात्रेत टोचलं. काहींना त्याआधी अडीच तास सायकल मारायला लावली होती. बसून राहिलेल्यांच्या रक्तात टीएनएफ उसळलं, सायकल मारणाऱ्यांत ते दबलेलं राहिलं. सायकल न मारता नुसतं आयएल-६ शिरेतून दिलं, तरी तोच परिणाम. आषाढात वाड्याच्या किंवा विक्रमगडच्या शेतात दिवसभर कमरेत वाकून आवणी करणाऱ्या बाईच्या मांड्यांतून आणि पाठीतूनही हेच १८४ अमिनो आम्लांचं प्रथिन रक्तात उतरतं. मलेरियाच्या तापात जे असतं तेच, अणुरेणूनं तेच. संध्याकाळपर्यंत ते ओसरतं, आणि शरीराला त्याचा लाभच होतो.

ओसरतं, हा इथला कळीचा शब्द. निरोप दमदार असला आणि काम होताच थांबला, तर तो तारतो. तो मंद असला पण महिनोन्‌महिने वाजतच राहिला, तर आतून झिजवतो. पालघर जिल्ह्याच्या डोंगराकडच्या तालुक्यांत हे समजून घेणं मला फार निकडीचं वाटतं.

लोहापासून सुरुवात करू. जिवाणूंना वाढायला लोह लागतं, म्हणून संसर्ग झाला की शरीर लोह लपवून ठेवतं. लपवण्याचा हुकूम यकृतातून सुटतो, हेप्सिडिन नावाच्या अवघ्या २५ अमिनो आम्लांच्या रेणूमार्फत, आणि हेप्सिडिन बनवायला यकृताला सांगतं आयएल-६. २००४ साली नेमेथ आणि गांझ यांच्या गटानं स्वयंसेवकांना आयएल-६ शिरेतून दिलं. दोन तासांत लघवीतलं हेप्सिडिन सरासरी साडेसातपट झालं आणि रक्तातलं लोह एक तृतीयांशानं उतरलं. हेप्सिडिन आतड्यातली लोहाची वाट बंद करतं आणि पेशींतला साठा पेशींतच कोंडतं. चार दिवसांच्या आजारात हा मोठा शहाणपणा आहे. पण ज्या मुलाला जुलाब, खोकला, खरूज, हिवताप असं काही ना काही चालूच असतं, त्याच्या पोटातली वाट उघडणार कधी? अंगणवाडीतून मिळणारं लोहाचं सिरप आई नेमानं पाजते आणि हिमोग्लोबिन हलत नाही, यामागचं एक कारण हे असू शकतं. जंत, सिकलसेल, निकृष्ट आहार ही बाकीची कारणं आहेतच. सिरप बंद करावं असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्याच्या जोडीला संसर्गाचा बंदोबस्त हवा. टांझानियाच्या पेम्बा बेटावर, जिथे मलेरिया जोरात होता, मुलांना सरसकट लोह दिल्यावर रुग्णालयात दाखल होणारी आणि दगावणारी मुलं वाढल्याचं २००६ साली दिसलं. तेव्हापासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा भागांत लोह द्यायचं ते मलेरियाच्या प्रतिबंधासह आणि उपचारासह.

दुसरी गोष्ट वाढीची. इटलीतल्या डे बेनेडेट्टी यांच्या गटानं १९९७ साली असे उंदीर अभ्यासले, ज्यांच्या रक्तात जन्मापासून आयएल-६ चढलेलंच असतं. ते आपल्या भावंडांच्या ५० ते ७० टक्के एवढेच वाढले. वाढीचं संप्रेरक त्यांच्यात व्यवस्थित होतं. त्या संप्रेरकाचं काम पुढे नेणारं आयजीएफ-१ मात्र खाली गेलं होतं. बालसंधिवाताच्या मुलांची उंची खुंटते आणि आयएल-६ रोखलं की त्यांतली कित्येक पुन्हा वाढू लागतात, हेही डॉक्टरांनी पाहिलं आहे. आता मोखाड्यातलं मूल डोळ्यांसमोर आणा. दूषित पाण्यातून वारंवार जंतू पोटात गेले की आतड्याच्या अस्तरावरची बोटांसारखी टोकं झिजतात, अस्तर झिरपू लागतं आणि आत धग तेवत राहते. मूल आजारी दिसत नाही. ते वाढत नाही, इतकंच. खाल्लेल्या घासातलं कितीतरी उंचीऐवजी या धगीत जातं.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली, तेव्हापासून या भागातलं कुपोषण राज्याच्या चर्चेत आहे. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा जिल्हा झाला त्यामागेही हीच हाक होती. पोषण आहार, अमृत आहार, जव्हारच्या कुटीर रुग्णालयातले उपचार, या सगळ्याची गरज निर्विवाद आहे. पण कुपोषण म्हटलं की आपण ताटाकडे पाहतो, हंड्याकडे पाहत नाही. ज्या मोखाड्यात मध्य वैतरणा धरण बांधून मुंबईला पाणी नेलं, त्याच मोखाड्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुलाच्या वाढीसाठी स्वच्छ पाणी हे अन्नाइतकंच अन्न आहे, असं मी या रेणूकडे पाहून ठामपणे म्हणेन. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ सालीच संसर्ग आणि कुपोषण एकमेकांना कसे वाढवतात ते ग्रंथरूपानं मांडलं होतं. तेव्हा रेणू माहीत नव्हता. आता माहीत आहे, त्यामुळे सबब उरलेली नाही.

किनाऱ्याकडे धग दुसऱ्या वाटेनं येऊ शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यमापनात तारापूरची औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांनी देशातली सर्वांत प्रदूषित ठरली. खाडीत आणि समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं लढा दिला आणि जानेवारी २०२२मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं कारखान्यांना भरपाई भरायला सांगणारा निकाल दिला. हवेतल्या सूक्ष्म कणांबद्दल प्रयोगशाळा काय सांगते तेही ऐका: उंदरांच्या फुप्फुसांत असे कण गेले की तिथल्या महाभक्षी पेशी आयएल-६ सोडतात आणि रक्त लवकर गोठू लागतं. आयएल-६ नसलेल्या उंदरांत ते तसं गोठत नाही. शिंगाळ्याचा काटा दिसतो तरी. हे कण दिसत नाहीत, पण महाभक्षी पेशी दोघांनाही तितक्याच गांभीर्यानं घेतात.

शेवटी पुन्हा मोखाड्यातल्या त्या मुलाकडे येऊ. वाचणाऱ्यांत कुणी आशाताई, अंगणवाडीताई किंवा शिक्षक असतील, तर त्यांना एक विनंती. मुलाला जुलाब झाले की ओआरएस लगेच सुरू करा आणि जोडीला झिंकच्या गोळ्या पुरे १४ दिवस द्या. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला १०. ही दोन्ही औषधं सरकारी केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या मध्येच सोडू नका.